पहिला सलाम

"गावाला पत्रं वाचून दाखवायचा नाद सोड," आईनं बजावलं होतं. "एक दिवस नको ते तुझ्याच तोंडून बाहेर पडेल." मोहबेगिमनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आज सफरगुलमावशींच्या अंगणात, तुतीखाली, ती मावशींच्या मुलाचं, सोहिबनजरचं, पत्र घेऊन उभी होती. ट्रकवाल्या करोमनं ते खिंडीतल्या चौकीवरून आणलं होतं. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. सोहिबचे चुलते हैबत-अमक यांचा चष्मा पळापळीत फुटलेला. भिंतीवर फडक्यात बांधलेली रोटी टांगली होती. लढाईला निघताना सोहिबनं तिचा एकच घास घेतला होता. उरलेली त्यानंच परत येऊन खायची.

"वाच की, पोरी!" अमकनी टोपी नीट केली. पत्रातला पहिला सलाम घरातल्या थोरल्या पुरुषाला असतो.

मोहबेगिम थबकली. पेन्सिलीनं लिहिलेलं 'हैबत-अमक' खोडलेलं होतं. वर तिचं नाव होतं.

दोघांचं काही ठरलंय, हे गावाला ठाऊक नव्हतं. असं नाव चारचौघांत निघालं की मुलीच्या बापाला मान खाली घालावी लागते. खोडलेलंच नाव वाचलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. पण मग उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर तिला उघडपणे रडताही आलं नसतं.

तिनं मोठ्यानं वाचलं. "'पहिला सलाम मोहबेगिमला. परत येईन तो तिच्याशी लग्न करायला. हे वाचणारी तीच असेल. ती गाळणार नाही.'"

करोमनं चहाचा वाडगा खाली ठेवला.

"म्हणजे या वयात मी दुसरा?" अमक गुरगुरले.

"दुसरा सलाम आईला आहे, अमक. तुम्ही तिसरे."

करोमला हसू आवरेना. मोहबेगिम पुढं वाचत राहिली. "'संध्याकाळी पलीकडचे आपलीच गाणी म्हणतात. तेवढा वेळ आम्ही गोळ्या झाडत नाही.'" तिचा आवाज कुठंही कापला नाही.

वाचून झालं तशी मावशी उठल्या. भिंत चाचपत त्यांनी रोटी काढली आणि मोहबेगिमच्या हातात दिली. "आता तू सांभाळ. मुंग्या लागू देऊ नकोस."

करोम निघाला. मोहबेगिम ट्रकपर्यंत गेली, रोटी छातीशी धरून. अमकही मागोमाग आले.

"करोम-अका, चौकीवर थांबा. दुसऱ्याला विचारू नका. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघून या."

"बघतो. पण कुणी पाठवलं म्हणून सांगू?" करोमनं सवयीनं अमककडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" अमक म्हणाले. "पहिलं नाव तिचं आहे."