कृपादानमामांची बुडी

मुळा धरणाच्या पाण्यात कृपादानमामा अमृत मास्तरांना भाल्याच्या बंदुकीनं मासे मारायला शिकवत होते. "बंदुकीचं रबर पाण्यात उतरल्यावरच तानायचं. चष्म्यातनं मासा हाय त्याहून जवळ दिसतो, घाई करायची न्हाई."

मास्तरांना सगळं जमलं, दम तेवढा टिकेना. सत्तरीला टेकलेले मामा मात्र दोन-दोन मिनिटं वर येत नव्हते.

"माशांपायी एवढा दम कमावलात, मामा?" मास्तरांनी धापा टाकत विचारलं.

मामांनी बंदूक काठावर ठेवली.

"पहिली बुडी मारली तवा हातात बंदूक न्हवती, मास्तर. दगडाला बांधलेली शेवंतीची फुलं हुती. धरण भरलं तवा सारं गाव उठून वर आलं. कबरीतली आई तेवढी खालीच ऱ्हायली."