पडण्याची तालीम

नव्या घड्याळाच्या अनावरणाची तारीख महिनाभर गाजत होती. पण घड्याळ नेमकं करतं काय, हे आधी कुणाच्या बापाला कळता कामा नये, म्हणून तालमीला येणाऱ्यांचे मोबाईल दारातच काढून घ्यायचा नियम कार्यक्रमाच्या दिग्दर्शिकेनेच केला होता.

मंचावर म्हातारा नट पडला, की त्याच्या मनगटावरचं घड्याळ आपणहून लेकीला फोन लावणार होतं. कंपनीच्या साहेबांना ते पडणं काही केल्या पटेना.

“आजोबा, पुन्हा एकदा पडा बघू. खरं वाटायला हवं!” ती दिवसभर ओरडत राहिली.

संध्याकाळी तिने दारावरून आपला मोबाईल घेतला.



चाचणीसाठी घरी आईच्या मनगटावर बांधलेल्या घड्याळाने सकाळी सव्वादहापासून तिला एकतीस फोन लावले होते.