मनुकाची काचपेटी

देव्हाऱ्याकडं पाठ करून सावळीरामनं काचपेटीचं झाकण उघडलं आणि आतला ओलावा मोजायचा मीटर काढून हळूच खिशात घातला. मनुका नुकतीच उठली होती. दिवसभर झोपायचं आणि दिवेलागणीला स्वतःचेच डोळे चाटत उठायचं, हा तिचा नेम. ही परदेशी पाल. लेक दिशा आयर्लंडला नोकरीला गेली आणि हिला निफाडच्या घरी ठेवून गेली.

पेटीत ओलावा सत्तरच्या वर पाहिजे, नाहीतर हिची कात बोटांना चिकटून बसते, असं दिशानं बजावलं होतं. द्राक्षबागेवर डावणी रोग पडंल म्हणून ज्यानं जन्मभर दमट हवेला शिव्या घातल्या, तो गडी आता रोज एका पालीवर पाणी फवारत होता.

मीटरचा आकडा थेट दिशाच्या मोबाइलवर जायचा. आकडा बरा असला की तिकडून नुसता अंगठा यायचा. पण मागं एकदा फवारा राहिला, आकडा चाळिसावर आला, तर पोरगी तासभर फोनवर होती. आधी कात, मग बोलता बोलता तिची खोली, तिथला गारठा, तिची सर्दी.

त्यानंतर आपले अंगठेच.

सावळीरामनं मनुकाला पोटभर फवारा मारला, झाकण लावलं आणि मीटर स्वयंपाकघरात शेगडीला खेटून ठेवला.

"हे काय इथं?" भाकरी थापता थापता त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं विचारलं.

"राहू दे. वाळतंय."

हिशोब पक्का होता. फक्त तोच मीटर तापमानही कळवतो, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

फोन लगेच वाजला. दिशा धापा टाकत होती.

"पप्पा, बावन्न डिग्री दाखवतंय. आग लागलीय का? मनुका कुठंय?"

त्यानं गडबडीनं कॅमेरा पेटीकडं वळवला. मनुका काचेवर पसरून निवांत थेंब चाटत होती. दिशा बघतच राहिली.

"ही तर भिजलीय चांगली. मग मीटर कुठंय?"

सावळीरामनं स्वयंपाकघराकडं बघितलं.

"माझ्या तव्यापाशी हाय," सुलाबाई आतून म्हणाली. "तुझ्या बापानं वाळत घातलाय."

"पप्पा, मी चालू मीटिंगमधून पळत जिन्यात आलेय. काय चाललंय तुमचं?"

सावळीरामनं बनियननं स्क्रीन पुसली. स्क्रीनला काही लागलेलं नव्हतं.

"मग आता लगेच जावं लागंल का परत?"

दिशानं एकदा वर जिन्याकडं बघितलं. तिच्या मागून कुणीतरी जिना उतरून गेलं. मग ती पायरीवर बसली. सुलाबाईच्या हातचा थपथप आवाज तिथवर जात असावा.

"मम्मी थापतेय ती," तिनं विचारलं, "बाजरीची का?"