झऱ्याची साफसफाई

संशोधक बाईंनी झऱ्याच्या तोंडाशी बांधलेली जाळी सोडून पांढऱ्या बशीत उलटी केली, आणि मावशी पायरीवरूनच मान उंच करून बघू लागल्या.

मावशी-काकांचं घर झऱ्याला लागूनच. वरच्या टेकडीतून बोगदा काढायचं घाटत होतं. तो झाला की झरा आटणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पण बाई म्हणत होत्या, खडकाच्या आत, अंधारात, तांदळाच्या कणीएवढ्या, फार दुर्मिळ अशा आंधळ्या कोळंब्या राहतात. एक जरी जिवंत दाखवता आली तरी काम थांबेल. उद्या सुनावणी होती.

बशीत वाळू होती, एक कुजकं पान होतं. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. मावशी उठल्या, पायरीवरचा नसलेला कचरा झाडून आल्या, बसल्या, परत उठल्या.

"मावशी, जरा एका जागी बसा ना."

"बसलेच आहे की," मावशी उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"सापडली!" बाई ओरडल्या, आणि लगेच त्यांचा आवाज पडला. "पण मेलेली आहे. हीसुद्धा. मेलेली नाही चालणार, कुठून तरी आणून टाकली म्हणतील."

मावशींनी वाकून पाहिलं. पाण्यात इवलेसे जीव आडवे पडले होते, पांढरेफटक. मग मात्र त्यांना राहवेना.

"माझ्यामुळेच रंग उडाला हो त्यांचा! तुम्ही येणार म्हणून काल झरा घासला. फटीफटीत ब्लीचिंग पावडर ओतली. म्हटलं, एवढ्या शिकलेल्या बाई येणार, शेवाळ बघून नावं ठेवतील."

रागवावं की हसावं, बाईंना कळेना.

"रंग नाही उडाला, मावशी. त्या मुळातच पांढऱ्या असतात," त्या हळूच म्हणाल्या. "जीव गेला."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या पाण्यावर घर चाललं, त्याच्यावरच त्यांनी हात चालवला होता.

"आत असतील का हो अजून?"

"असतील. पावडर एव्हाना वाहून गेली असेल. पाण्याबरोबर येईलही एखादी. उजेड मात्र नको त्यांना."

बाईंनी जाळी पुन्हा बांधली. मावशी तरातरा घरात गेल्या, काकांची मोठी काळी छत्री घेऊन आल्या आणि झऱ्यावर धरून बसल्या. हात भरून आला तरी बाईंना छत्री देईनात.

तेवढ्यात काका बादली आणि घासणी घेऊन आले. "अगं, त्या कोपऱ्यातलं शेवाळ राहिलंच काल. घासून टाकू का?"

"खबरदार हात लावाल तर!" मावशी खेकसल्या. "पाहुणे यायचेत."

काका दचकून रस्त्याकडे बघायला लागले.

"तिकडे काय बघताय?" मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी छत्री आणखी खाली घेतली.