नसलेली लेक

“पाटी रंगवायची झाली तर आधी काय करता?” मॅडमनी विचारलं.

“आधी पत्रा घासायचा. मग अस्तर. ते वाळलं की खडूने रेघा मारायच्या.” पेंटर इथपर्यंत सरळ आले आणि त्यांची गाडी रुळावरून घसरली. “मग मुलगी ब्रश धुऊन देते. आहे कुठे ती? जेवली का?”

खुर्चीमागे उभा असलेला धाकटा भाऊ हळूच म्हणाला, “आमच्या घरात मुलगी नाही, मॅडम. वहिनी गेली, तेव्हापासून दादाला मी आणि मला दादा.”

मॅडमनी टिपून घेतलं. बावीस वर्षं त्या वाचोपचार करत होत्या. परांचीवरून पडून डोक्याला मार लागलेला हा काही पहिला माणूस नव्हता. अशी माणसं खोटं बोलत नाहीत. आठवणींना भोकं पडलेली असतात आणि मेंदू हाताला लागेल ते कोंबून ती बुजवतो. शिवाय पेंटरची मुलगी एक दिवस सात वर्षांची असायची, दुसऱ्या दिवशी लग्न झालेली.

आठवड्यातून तीनदा भाऊ त्यांना घेऊन यायचा. कामावर खाडे पडले तरी एक वार चुकवला नाही. देवमाणूस, असं नर्स म्हणायच्या. पेंटर सुधारत होते. पाचपैकी पाच शब्द लक्षात राहू लागले, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ते थांबू लागले. मुलगी मात्र हटेना.

“एकदा फोन तरी लावून बघा,” ते गयावया करायचे. नंबराचे सहा आकडे धडाधड सांगायचे आणि सातव्याला अडायचे.

“जुनं कोणी गिऱ्हाईक असेल,” भाऊ म्हणायचा.

शेवटी मॅडमनी एक वही आणवली. पहिल्या पानावर पेंटरकडूनच लिहून घेतलं : पत्ता, भावाचा नंबर आणि खाली, ‘मला मुलगी नाही.’ शंका आली की बोलण्याआधी पान उघडायचं.

ते वाक्य लिहिताना त्यांचा हात अर्ध्यात थांबला.

“मॅडम, मग मला दिसते ती कोण?”

“डोक्याला मार लागला की होतं असं, पेंटर.”

“रुसते हो ती. पाठ फिरवून बसते. मार लागल्यावर माणसाला दुसऱ्याचं रुसणंही दिसतं?”

 मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पेंटर पाणी प्यायले नाहीत. डोळे पुसून त्यांनी वाक्य पुरं केलं. अक्षर देखणं होतं. मॅडमना वाटलं, आपण एखाद्याच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतोय. पण इलाज तो इलाज.

चौथ्या महिन्यात शेवटची चाचणी झाली. वार, तारीख, घड्याळाचं चित्र, सगळं बरोबर.

“मुलंबाळं?”

पेंटरनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. “मला मुलगी नाही,” ते म्हणाले. वार सांगितला होता त्याच आवाजात.

मॅडमनी पूर्ण गुण दिले. भावाचे डोळे भरून आले. त्याने वाकून नमस्कार केला आणि दादाचा हात धरून त्यांना घरी नेलं.

मॅडम अहवालावर सही करत होत्या, तेवढ्यात दारात एक तरुण बाई धापा टाकत येऊन उभी राहिली. कडेवर तान्हं मूल.

“पेंटर इथेच येतात ना? दुकानाशेजारच्यांनी आज सांगितलं, पडले म्हणून. मी मनाप्रमाणे लग्न केलं, तेव्हा काकांनी मला तोडलं. त्यांच्या लेखी मी मेलेच. बाबा मात्र चोरून फोन करायचे. चार महिने झाले, फोन नाही. वाटलं, त्यांनीही तोडलं.”

मॅडमचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

मूल रडू लागलं. त्याला थोपटत तिने विचारलं, “मॅडम, शुद्धीवर आल्यापासून बाबांनी माझं नाव तरी काढलं का हो?”