नेलपॉलिशची रेघ

घाटाच्या तोंडाशी गाडीचं पुढचं चाक किंचित थरथरलं आणि गाडी चालवणाऱ्या इनामदारसाहेबांच्या शेजारी बसलेल्या भरमाण्णाला काही केल्या आठवेना. डावीकडचा नट आपण आवळला होता का?

इनामदारसाहेबांच्या या जुन्या स्पोर्ट्स कारला पुढच्या सस्पेन्शनचे आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडून धरणारे दांडे, त्यानेच घडवले होते, लांबी कमी-जास्त करता येणारे. लांबी जुळली की नट घट्ट आवळायचा. तो ढिला राहिला, तर ऐन वळणावर चाक भलतीकडेच तोंड फिरवणार. आणि आर्म घडवणाऱ्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, हा त्याच्याच गॅरेजचा रिवाज.

त्याची बायको पद्मा त्याचा प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासायची आणि त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. आज सकाळी साहेबांच्या देखत ती गाडीखाली शिरली, तेव्हा तो खेकसला होता, "माझ्या कामावर पाना फिरवायला मी काय नवशिका हाय? ये भायेर!"

ती पाना घेऊन बाहेर आली होती.

"काय पळतीया, भरमाण्णा!" साहेबांनी खुशीत वेग वाढवला. बोलावं तर अब्रू जाणार, म्हणून त्याने दात आवळून धरले. पण वळणाचा कठडा समोर आला, पलीकडे नुसतं धुकं दिसलं, आणि त्याच्या तोंडून किंकाळीच फुटली, "थांबवा, साहेब!"

गाडी कडेला थांबताच तो खाली शिरला. उजव्या नटावर लाल रेघ होती. डावा कोराच होता.

त्याने तो चिमटीत धरला. नट फिरला.