भिंतीवरचे ठोके

दादा शर्ट काढून खाटेवर आडवा झाला होता आणि छातीला तारा चिकटवून घेऊन भाषण ठोकत होता. समोर हॉस्पिटलचे विश्वस्त, खरेदी खात्याचे साहेब आणि मोठ्या डॉक्टरीणबाई. छातीचे ठोके दाखवणारं हे मशीन दादाच्या कंपनीचं, म्हणून पेशंटही दादाच. "आधी मालकाच्या छातीला, मग तुमच्या पेशंटच्या," तो म्हणाला. सगळे हसले. ही ऑर्डर हातची गेली तर कंपनीला टाळं लागणार होतं. ते हसण्यात कुणाला दिसलं नाही.

धाकटी बहीण उशाशी उभी होती. मशीनच्या पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तिने लिहिला होता. असलं काम करणाऱ्यांकडे कुणी बघत नाही. एरवी तिला ते चालायचं. आज तिचं डोकं सणकलेलं होतं.

सकाळी गाडीतच दोघांचं वाजलं होतं. सिस्टीम कोसळली तरी पडदा शेवटचं चित्र तसंच धरून ठेवतो. आत सगळं मेलेलं, वर चेहरा ताजातवाना. म्हणून तिने अशा वेळेसाठी एक लाल पाटी केली होती : मशीन बंद पडले आहे, आकड्यांवर विसंबू नका. दिसायला दोन ओळी, पण वर्षभर तिचा पिट्टा पडला होता. कारण सिस्टीम कोसळल्यावर हे काम मेलेल्याच्या घरात शिरून करायचं असतं. तिथे कुणाकडे काही मागायचं नाही, चिमूटभर मेमरीसुद्धा नाही. कुलूप दिसलं तर थांबायचं नाही. किल्ली ज्याच्या हातात होती तो बहुधा आधीच गेलाय. जे चित्र भिंतीला लागलेलं आहे त्याच्यावरच आपली चार अक्षरं खरडायची, बाकी कशाला हात लावायचा नाही आणि गप्प व्हायचं.

"गिऱ्हाइकाला मढं दाखवतात का कुणी?" दादा म्हणाला होता. "आजच्या दिवस ती पाटी बंद ठेव."

"आणि कोसळलं तर?"

"तर कुणाला कळणार नाही. बरंच की."

"दादा, हा टीव्ही नाहीये. याच्याकडे बघून लोक औषधं देणार आहेत."

"बारके, तू कोड लिही. कंपनी मी चालवतो."

तिने पाटी बंद केली. लहानपणापासून दादाने डोळे वटारले की तिचे हात आपोआप चालायचे. शिकलीसवरली, केस पिकायला लागले, तरी तेच.

आता मागच्या रांगेला दिसत नाही म्हणून दादाने मशीन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडायला लावलं. आलेख काढून टाकला होता, नुसता ठोक्यांचा आकडा, हातभर उंच. भाषणात लुडबुड नको म्हणून आवाजही बंद. हॉस्पिटलच्या वायरमनने केबल खोचली. भिंतीवर बहात्तर झळकलं. टाळ्या पडल्या.

दादा बोलत राहिला. खोकला. स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. उठून बसला, पाणी प्यायला, पुन्हा आडवा झाला. बहात्तर.

धाकटीने आकडा पुन्हा पाहिला. जिवंत माणसाचा आकडा असा ठाण मांडून बसत नाही. केबल खोचली त्याच क्षणी ड्रायव्हर गचकला होता आणि जाताना अख्ख्या सिस्टीमला घेऊन गेला होता. तिच्याच हातचं काम. भिंतीवर उरलं होतं ते त्या क्षणाचं चित्र.

तिने दादाकडे पाहिलं. कपाळ डबडबलेलं. ओठ पांढरेफटक. डावा दंड चोळत तो हसत होता.

"काय हो, घाम फुटला तुम्हाला," एक विश्वस्त म्हणाले.

"वर दिवे आहेत ना," दादा म्हणाला. "आकडा बघा की."

सगळ्यांनी आकडा बघितला.

"ठणठणीत," खरेदीवाले साहेब म्हणाले. "बायकोसमोर माझा एवढ्यावर राहत नाही."

पुन्हा हशा. डॉक्टरीणबाईंनीही मान वर करून भिंतीकडेच पाहिलं आणि करारावर सही करायला पेन उघडलं. हात लांब केला तर लागेल इतक्यावर माणूस पडला होता आणि डॉक्टर भिंत तपासत होती.

धाकटी दादाच्या कानाशी वाकली. "दादा, मशीन मेलंय. तो आकडा तुझा नाहीये."

दादाने डोळे मिटले. "माहितेय," तो पुटपुटला. "मघापासून कळ येतेय छातीत. सही होऊ दे."

ती सरळ झाली. मग तिने दोन्ही हातांनी तारा धरल्या आणि ओरबाडून काढल्या. छातीवरचे केस उपटून आले. दादा कळवळला. तिने तो गुंता सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तारांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि खुर्ची मागे लोटून येऊन दादाचं मनगट धरलं.

"खाट हलवा," त्या म्हणाल्या. "आत्ता."

खाट दाराबाहेर जाईपर्यंत दादा धाकटीला शिव्या घालत होता. "बुडवलंस, बारके. घर बुडवलंस." त्याच्यामागे सगळी खोली धावली. मुठीत तारा घेऊन ती एकटी उरली.

भिंतीवर दादाचं काळीज झकास चाललं होतं. बहात्तर.